रतनगडाचा फेरा सोलापूरकरांना एका दिवसात जमेल का, आणि तो कोणत्या बाजूने करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातून आपण सहा जण सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री गाडीने निघणार, रविवारी पहाटे रतनवाडीला पोहोचून शिड्यांच्या वाटेने रतनगड चढणार, माथ्यावरची धार नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकापर्यंत, चालून त्र्यंबक दरवाजाने साम्रद गावाकडे उतरणार आणि रविवारी रात्रीच परतीला लागून सोमवारी सकाळी कामावर हजर होणार. आपण रोज सिद्धेश्वर तलावाकाठी सात-आठ किलोमीटर चालता, दोन वर्षांपूर्वी कळसूबाई केला आहे. गटात १५ वर्षांचा भाचा आणि गुडघ्याची तक्रार असलेले ५८ वर्षांचे मेहुणे आहेत. उंचीची आपल्याला स्वतःलाही थोडी भीती वाटते. एवढे सांगून आपण एकच विचारले आहे: दम पुरेल का?

दम पुरेल. त्याविषयी मला शंका नाही, कारण कळसूबाईला बारी गावाकडून होणारी चढाई या फेऱ्यातील चढाईपेक्षा बरीच जास्त आहे आणि ती आपण केली आहे. परंतु सोलापूर आणि परिसरातील मंडळींना सह्याद्रीत नेण्याचे काम मी गेली चोवीस वर्षे करतो आहे आणि एवढ्या काळात केवळ दम लागला म्हणून अर्ध्यातून फिरलेली माणसे मी बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. माणसे अडतात ती उतारावर, अंधारात आणि झोपेअभावी. त्यामुळे आपल्या प्रश्नाची मांडणी मी जरा बदलतो. चाळिशीतल्या, सपाटीवर चालण्याची सवय असलेल्या माणसाने ज्या टप्प्याविषयी मनात शंका आहे तो टप्पा दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या दिशेने गाठावा, हा खरा प्रश्न आहे. आपण आखलेल्या बेतात तो टप्पा सर्वांत वाईट वेळी येतो.

आधी जागेविषयी थोडे सांगतो, म्हणजे पुढचे स्पष्ट होईल. रतनगडाच्या पायथ्याचा भंडारदऱ्याचा जलाशय आपल्या उजनीसारखा माळावर पसरलेला नाही. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने प्रवरा नदी अडवली आणि पाणी डोंगरांच्या पायथ्यापर्यंत, दऱ्यांच्या फटींत शिरले. जलाशयाच्या एका टोकाला, धरणापासून दूर, रतनवाडी आहे आणि तिच्या पाठीशी १२९७ मीटर उंचीचा रतनगड भिंतीसारखा उभा आहे. प्रवरेचा उगम याच डोंगरात होतो, म्हणून रतनवाडीची वाट बराच वेळ ओढ्याच्या सोबतीने दाट झाडीतून जाते आणि ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. गावापासून माथ्यापर्यंतची चढाई सुमारे साडेपाचशे मीटर आहे. एक मजला तीन मीटरचा धरला, तर हे साधारण १८० मजले होतात. गडाच्या दुसऱ्या अंगाला, खुट्टा नावाच्या सुळक्याच्या बाजूस, त्र्यंबक दरवाजा आहे. तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी उतरून साम्रदला जाता येते. साम्रद ते रतनवाडी हे आठ-दहा किलोमीटर अंतर गाडीरस्त्याने जोडलेले आहे, म्हणून या सगळ्याला फेरा म्हणायचे.

वेळेचा हिशेब करताना बहुतेकांची गल्लत होते. गिर्यारोहणात नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला एक ठोकताळा अजून वापरला जातो. त्यानुसार दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास मिळवायचा. या फेऱ्यातील पायी अंतर अकरा-बारा किलोमीटर धरले, तर त्या हिशेबाने तीन-सव्वातीन तासांत फेरा संपायला हवा. प्रत्यक्षात माझ्या गटांना सात ते आठ तास लागतात, आणि त्यात जेवणानंतरची डुलकी धरलेली नाही. तो ठोकताळा मोकळ्या डोंगरउतारांसाठी आहे. शिडीवर एका वेळी एकच माणूस सोडायचा, कातळटप्प्यावर प्रत्येकाचा पाय कुठे पडतो ते पाहायचे, ओढ्यातला गुळगुळीत धोंडा चाचपून पाहायचा, या कशाचाही त्यात विचार नाही. सहा जणांच्या गटाला शिड्यांच्या टप्प्यावर, गर्दी नसतानाही, अर्धा तास सहज लागतो. रविवारी सकाळी तिथे पुण्या-मुंबईचे गट रांगेत उभे असले, तर एक तासही जातो.

आता उताराविषयी सांगतो. सोलापूरकरांना चालण्याचे कौतुक सांगू नये. कोजागरीला तुळजापूरपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर चालत जाणारी माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. तरीही अशाच एका दणकट माणसाला मी रतनवाडीच्या जंगलात काठी घेऊन उलट्या पावलांनी उतरताना पाहिले आहे, कारण सरळ पाऊल टाकले की मांड्या थरथरत होत्या. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो; उतरताना मात्र तो ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो, आणि त्याची सवय सपाटीवर कितीही चालले तरी लागत नाही. अशा कामानंतरचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते, पण थरथर त्याच दिवशी सुरू होते. यातली चांगली गोष्ट अशी की स्नायूला एकदा उताराचा चटका बसला की पुढचे काही आठवडे त्याची सहनशक्ती वाढलेली राहते. म्हणून निघण्यापूर्वीच्या महिन्यात आठवड्यातून दोनदा पाच-सहा मजली इमारतीचे जिने उतरण्याचा सराव करावा. वर जाताना लिफ्ट वापरली तरी माझी हरकत नाही, खाली मात्र पायीच यावे. सोसायटीतले लोक हसतील, त्यांना हसू द्यावे. शेवटचा सराव जायच्या आठ-दहा दिवस आधी संपवावा. जमल्यास एका रविवारी तुळजापूरचा घाट पाठीवर सॅक घेऊन दोनदा चढून उतरावा. सोलापूरपासून सोयीचा याहून बरा उतार मला माहीत नाही.

आता दिशेकडे वळतो. प्रचलित पद्धत आपण म्हणता तशीच आहे: रतनवाडीकडून शिड्यांनी चढायचे आणि त्र्यंबक दरवाजाने उतरायचे. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही तसेच नेत असे. मग एका नोव्हेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास त्र्यंबक दरवाजाखालच्या पायऱ्यांवर आमच्यातले एक गृहस्थ बसले ते उठेनात. शिड्या ते विनोद करत चढून आले होते. पण इथल्या पायऱ्या उंच आहेत, काही ठिकाणी तुटलेल्या आहेत, आणि उतरताना नजर आपोआप पायरीच्या कडेवरून थेट दरीत जाते. यालाच आम्ही दृष्टिभय म्हणतो. उंचीशी त्याचा संबंध थोडा आणि नजर कुठे पडते याच्याशी जास्त असतो. त्यांनी उजव्या हाताने कपारीतल्या गवताचा बुचका घट्ट धरला होता, तो मुळासकट हातात आला, आणि तो उपटलेला बुचकाही ते सोडायला तयार नव्हते. मी त्यांच्या दोन पायऱ्या खाली उतरलो, त्यांना तोंड कातळाकडे करायला लावले आणि त्यांचा एकेक बूट हाताने धरून पायरीवर ठेवत गेलो. एरवी दहा मिनिटांत संपणारा टप्पा त्या दिवशी चाळीस मिनिटांनी संपला. मागे वर गड, पुढे खाली साम्रद, सूर्य कलता आणि गटातील बाकीच्यांचे चेहरे उतरलेले. त्या क्षणी मागे फिरणेही तितकेच अवघड होते, कारण परत जायचे म्हटले तर आख्खा गड ओलांडून शिड्या उतराव्या लागल्या असत्या.

त्यानंतर मी दिशा उलटी केली. पहाटे साम्रदहून निघायचे, त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्या सकाळी ताज्या पायांनी चढायच्या आणि दुपारी शिड्यांनी रतनवाडीकडे उतरायचे. कातळातल्या पायऱ्या चढताना तोंड कातळाकडे असते, पुढची खोबण डोळ्यांसमोर असते आणि दरी पाठीमागे राहते. शिवाय कोणी तिथे थबकलेच, तर त्या वेळी सकाळचे नऊ वाजलेले असतात, खाली साम्रद असते आणि आलेल्या वाटेने परत फिरण्यात कसलीही नामुष्की नसते. शिडीचे गणित वेगळे आहे. शिडी उतरतानाही तोंड कातळाकडेच असते, हाताला पक्की दांडी असते, आणि कळसूबाईच्या शिड्यांवर आपला हात बसलेला आहे. आपल्याला उंचीची भीती वाटते असे आपण लिहिले आहे, म्हणून मी साम्रदकडूनच चढण्याचा आग्रह धरीन. ज्यांना कातळाची सवय आहे त्यांनी कोणतीही दिशा घेतली तरी फरक पडत नाही, आणि अनेक जाणकार उलट सांगतील. त्यांचेही त्यांच्या गटांपुरते बरोबर आहे.

शिडीवर एवढे पाळावे: हाताने बाजूचा उभा दांडा न धरता आडवी पायरी धरावी, कारण पाय निसटला तर उभ्या दांड्यावरून हात घसरत जातो. चार अवयवांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत. सॅकच्या बाजूच्या कप्प्यातली बाटली आत टाकावी, ती खालच्याच्या डोक्यात पडते. वरचा माणूस शिडीवरून पूर्ण उतरून बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याने पाय ठेवू नये.

उलट्या दिशेतही एक खोट आहे, आणि ती मला स्वतःच्या चुकीतून कळली. रतनवाडी गडाच्या पूर्वेला आहे. त्यामुळे दुपार कलली की सूर्य गडाच्या मागे जातो आणि आकाशात उजेड असला तरी खालच्या झाडीत अंधारून येते. एकदा माथ्यावर टाक्याकाठी जेवण लांबले, नेढ्यात फोटो लांबले आणि शिड्यांच्या पायथ्याशी पोहोचायलाच आम्हाला पाच वाजून गेले. खालच्या जंगलात कात्राबाई खिंडीकडून, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या बाजूने, येणारी वाट आपल्या वाटेला मिळते. अंधारात पुढचे दोघे त्या वाटेने चालू लागले. हाका मारून त्यांना परत आणले, पण बारा जणांत तीनच बॅटऱ्या होत्या, आणि ओढा ओलांडताना प्रत्येक वेळी एकाने पाण्यात उभे राहून बाकीच्यांना उजेड धरावा लागला. चूक सर्वस्वी माझी होती. जेवण आवरा, हे बारा जणांना सांगण्याचे काम माझे होते. तेव्हापासून माझा नियम आहे की दुपारी एक वाजता गट शिड्यांकडे निघालेला असतो, मग कोणाचे काही पाहायचे राहिलेले असो. नोव्हेंबरात तिकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणजे चार वाजता रतनवाडीत असणे ही चैन नसून गरज आहे.

माथ्यावर पाहण्यासारखे भरपूर आहे आणि त्याची वर्णने आपल्याला कुठेही मिळतील. नेढ्याविषयी मात्र एक सांगतो. डोंगराच्या धारेला आरपार पडलेले हे भोक एवढे मोठे आहे की पाच-सहा जण त्यात आरामात बसतात, एका अंगाला जलाशय आणि दुसऱ्या अंगाला अलंग, मदन, कुलंग या गडांच्या बाजूचे डोंगर पाहत तास कसा जातो ते कळत नाही. पण सगळा वारा त्या अरुंद तोंडातून जात असल्याने बाहेर झुळूक असली तरी आत ढकलणारा झोत असतो. भाच्याला तिथे उभे राहून फोटो काढू देऊ नये, बसूनच काढावा. आणि कड्यांना आग्या मोहोळे असतात, त्यामुळे अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा.

महिन्याविषयी माझा आपल्याशी मतभेद आहे. सप्टेंबरअखेर गडावर सोनकी फुललेली असते, पिवळा गालिचा म्हणतात तो खरोखरच असतो, आणि त्याच्या ओढीने आपण तो शनिवार निवडला असणार. पण त्या भागातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण जात नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात मिळून सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो; घाटघर-रतनवाडीकडे जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा होऊन जातो, आणि त्या पावसाने आलेले शेवाळ सप्टेंबरात त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्यांवर शाबूत असते. सावलीतला कातळ सुकायला पावसानंतरही बरेच ऊन खावे लागते. फुले पाहायचीच असतील, तर रतनवाडीकडून शिड्यांनी जाऊन त्याच वाटेने परत यावे, ओढ्याला पाणी वाढलेले दिसले तर तेही करू नये, आणि फेऱ्याचा विचार नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पुढे ढकलावा. नोव्हेंबर ते जानेवारी हा माझ्या मते फेऱ्याचा हंगाम आहे. ऊन आपल्याला सोसते म्हणून मार्चनंतर जाऊ, असेही काही सोलापूरकर म्हणतात. ऊन सोसते हे खरे, पण टाक्यांतले पाणी तोवर तळाला गेलेले असते.

आता प्रवास, ज्याविषयी आपण एक ओळही लिहिलेली नाही. टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने रतनवाडी सुमारे चारशे किलोमीटर पडते. आठ-नऊ तास धरावेत. रात्रभर गाडीत मान टाकून झोपलेला माणूस सकाळी चढू लागतो तेव्हा त्याला काही जाणवत नाही; दुपारी उतारावर पाऊल चुकते तेव्हा त्याचे कारण तो बुटाला देतो. आणि त्याहून मोठा धोका परतीच्या रात्री करमाळ्याच्या रस्त्यावर चालकाच्या डोळ्यांवर येणाऱ्या झापडीचा आहे. माझ्या मते हा प्रवासही फेऱ्याचाच भाग मानावा. शनिवारी सकाळी निघून संध्याकाळी साम्रदला मुक्काम, रविवारी फेरा करून रतनवाडीत मुक्काम, सोमवारी सकाळी अमृतेश्वराच्या देवळातली शिल्पे निवांत पाहून परत, असे तीन दिवस काढता आले तरच फेरा करावा. सोमवारची रजा मिळत नसेल तर शुक्रवारची मागावी आणि सगळे एक दिवस अलीकडे ओढावे. दोन्ही मिळत नसतील, तर मी आपल्याला या फेऱ्याला जाऊ नका असेच सांगेन.

सामानाचे फार लांबवत नाही. प्रत्येकी तीन लिटर पाणी, प्रत्येकाची स्वतंत्र कपाळावरची बॅटरी, तळव्याला चांगली पकड असलेले वापरलेले बूट, मीठ-साखरेची पाकिटे, आणि कॉटनऐवजी लवकर वाळणारे कपडे. आपल्याकडचे लोक मुक्कामाला हमखास सोलापुरी चादर आणतात. ती गाडीत ठेवावी, गडावर नेऊ नये, कारण दवाने भिजली की तिचे वजन दुप्पट होते आणि वाळता वाळत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र अवश्य न्यावी, चार दिवस टिकणारे याहून चांगले खाणे डोंगरात नाही. फक्त ती पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही, म्हणून बरोबर काकडी ठेवावी. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा प्रवेशशुल्क, मुक्काम आणि वाटा बंद-चालू असण्याचे त्या वेळचे नियम वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्यावेत. साम्रदमधून गावातला वाटाड्या घ्यावा. खुट्ट्याकडे जाताना ढोरवाटा बऱ्याच फुटतात, आणि मोबाईलची रेंज मिळेल असे गृहीत धरून चालत नाही.

राहता राहिले मेहुण्यांचे. गुडघ्याची तक्रार कोणती, झीज आहे की जुनी दुखापत, यावर बरेच अवलंबून आहे आणि ते त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचे आहे. पण तक्रार उताराला वाढते असे आपण लिहिले आहे, तेव्हा त्यांना फेऱ्यात न घेणेच बरे. ते गाडी चालवतात असेही आपल्या पत्रात आहे. मग फेऱ्यातली एक मोठी अडचण त्यांच्यामुळे सुटते, कारण सकाळी आपल्याला साम्रदला सोडून गाडी रतनवाडीला आणायला कोणीतरी लागतेच. त्यांनी गाडी आणून लावावी, चहा घ्यावा आणि अकराच्या सुमारास रतनवाडीतल्या एखाद्या वाटाड्यासोबत ओढ्याच्या वाटेने, गुडघा कुरकुरू लागेपर्यंतच, वर यावे. ती वाट बहुतेक सावलीतली आहे. आपण दुपारी शिड्या उतरून थकून याल, तेव्हा वाटेत कुठेतरी ते एखाद्या धोंड्यावर बसलेले भेटतील, आणि त्यांच्याजवळ पाण्याची भरलेली बाटली असेल. तेवढी त्यांना न्यायला सांगावी.